पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई घरी येते तेव्हा…

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. बाईचं गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन होतं, टाके सुकायला लागतात, आणि तिच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावर औषधांच्या खाली एक वाक्य असतं : घरी विश्रांती घ्यावी, सहा आठवडे जड वजन उचलू नये. आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

घरी विश्रांती, असं आपण किती सहज म्हणतो! पुरुष कामावरून घरी येतो तो विश्रांतीसाठी. बाईचं मात्र घर हेच कामाचं ठिकाण. गिरणीत अपघात झालेल्या कामगाराला कोणी म्हणेल का, की गिरणीतच जाऊन पड म्हणून? बाईला आपण नेमकं तेच सांगतो.

२०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. त्यात असं दिसलं की बिनमोलाचं घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, आणि जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे रोजचे पाच तास. सहा आठवड्यांचे ४२ दिवस धरले तर दोनशेहून अधिक तासांचं काम होतं. ते दुसऱ्या कोणी तरी उचलल्याशिवाय बाईला विश्रांती मिळणार नाही. म्हणून मी म्हणते, घराची तयारी म्हणजे आधी कामाची वाटणी. खाट, गादी, औषधं हे सगळं त्यानंतर.

नवऱ्याचं ऑपरेशन असतं तेव्हा ही तयारी आपोआप होते. बायको, आई, बहीण कंबर कसून उभ्या राहतात. बायकोची वेळ आली की सगळे म्हणतात, "आम्ही बघू की!" सगळे बघणार म्हणजे कोणीच बघणार नाही.

म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी नवरा, सासू आणि मोठी मुलं यांना बोलावून घेते. एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामं लिहिते. पाणी भरणे, चहा, भाकरी, डबे, धुणं, भांडी, लादी, म्हाताऱ्यांचं औषध, जनावर असेल तर त्याचं शेण. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहायचं. एका घरी बहुतेक सगळ्या कामांपुढे चौदा वर्षांच्या मुलीचं नाव आलं. सतरा वर्षांच्या मुलाचं काय, असं विचारलं, तर वडील म्हणाले, त्याचा क्लास आहे. मुलीची शाळा नव्हती का? आईच्या आजारपणात मुलीची शाळा आधी बुडते आणि कधी कधी ती परत सुरूच होत नाही. तासभर बोलणं झालं तेव्हा पाणी आणि धुणं मुलाकडे गेलं, सकाळचा चहा आणि भांडी नवऱ्याने घेतली, आणि दीड महिना पोळ्या शेजारच्या बाईंकडून विकत घ्यायचं ठरलं. त्या पोळ्यांचे पैसे हा औषधाइतकाच आजारपणाचा खर्च आहे, हे त्या घराला पहिल्यांदा उमगलं.

आता "जड" म्हणजे काय तेही स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्या बायकांना कशालाच जड म्हणायची सवय नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. गॅसच्या टाकीत नुसता गॅस १४.२ किलो असतो. टाकी धरून वजन तीस किलोच्या आसपास जातं. ओल्या चादरींची बादली, पिठाचा डबा, कडेवरचं तीन वर्षांचं मूल ही सगळी वजनंच आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेली बाई लवकर हिंडूफिरू लागते, पण आतली जखम भरायला तिलाही वेळ लागतो. पोट कापून झालं असेल तर सहा ते आठ आठवडे धरून चला. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थात तेच ऐकायचं.

विश्रांती म्हणजे खाटेला खिळून राहणं नव्हे. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं, दर दिवशी जरा जास्त. उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळून हाताचा रेटा देऊन उठायचं. खाट नसेल तर दोन गाद्या एकावर एक घाला आणि भिंतीचा आधार मिळेल अशी जागा द्या. रोजच्या वस्तू माळ्यावरून आणि जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणा. न्हाणीत स्टूल ठेवा आणि लादी कोरडी करा. बैठा संडास जड जात असेल तर मधे भोक असलेली खुर्ची भाड्याने मिळते का ते पाहा. संडास वस्तीत लांब असेल तर रात्री सोबत कोण जाणार, तेही नाव कागदावर लिहा.

खाण्याबद्दल थोडं. डाळीने पू होतो, भाताने टाके पिकतात, असं म्हणून घरोघरी बाईचं ताट रिकामं केलं जातं. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, अंडं, दूध यातलं जे घरी शिजतं ते तिला मिळालं पाहिजे, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नव्हे. पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे शौचाला जोर करावा लागत नाही.

ताप, जखमेतून पू, अंगावरून दुर्गंधीचं पाणी किंवा फार रक्त जाणं, लघवी अडणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगा. घाईच्या वेळी ते शोधत बसावं लागू नये.

आणखी एक गोष्ट, जी वॉर्डात सहसा कोणी उघड बोलत नाही. साधारण सहा आठवडे आणि डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत शरीरसंबंध नको. हे डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगावं, असा आपण आग्रह धरू या. बाईने रात्री एकटीने ते समजावत बसायचं आणि मार खायचा, हे चालणार नाही. ज्या घरात मारहाण आहे तिथे नुसती गादी घालून घर सुरक्षित होत नाही. तिथे माहेर, बहीण, निवारागृह असा दुसरा पत्ता आधीच ठरवावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आणि १८१ या हेल्पलाइनचा उपयोग अशा वेळी करायला हवा.

आणि जिचं घरच कोपी आहे तिचं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच नको, असं तिथल्या कितीतरी बायका सांगतात. उचल फेडायची असते, तेव्हा सहा आठवडे बसून राहणं त्यांना कसं परवडणार? तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर त्यांची वाट बघत असते. अशा बाईच्या बाबतीत घराची तयारी ऑपरेशनच्या आधी सुरू होते : हे ऑपरेशन खरंच हवं आहे का, दुसरा उपाय आहे का, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं का?

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर नोकरदार बाईला दोन आठवडे भरपगारी रजा मिळावी, ही तरतूद १९९५ साली कायद्यात आली. धुणीभांडी करणाऱ्या, शेतमजूर, ऊसतोड बाईच्या हाती अशी कुठलीच रजा नाही. ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

तोवर आपल्या मंडळांनी एवढं करावं. वस्तीत ऑपरेशन ठरलेल्या बाईची नोंद ठेवावी. ती दवाखान्यात असतानाच दोघींनी घरी जाऊन कामांचा कागद करून घ्यावा. ती घरी आल्यावर तिसऱ्या, दहाव्या आणि विसाव्या दिवशी पुन्हा जावं आणि कागदावरची नावं खरंच कामं करताहेत का ते बघावं. बहुतेक घरांत आठवड्यानंतर बाई परत ओट्याशी उभी असते. म्हणून दहाव्या दिवसाची भेट चुकवू नका.