एकाच खिडकीतून दोन औषधे



क्षयरोग बरा होतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि शासकीय केंद्रांत तो विनामूल्य मिळतो. तरीही गर्दच्या आहारी गेलेला तरुण या उपचारातून निसटतो. त्याचा खोकला धुराचा आणि खंगणे व्यसनाचे, असे घरचेही समजून चालतात. त्यातच गर्द खोकला दाबून टाकते आणि निदान लांबते.

केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक अमली पदार्थ सुईने टोचून घेत होते. एकमेकांच्या सुया वापरल्याने एचआयव्ही व हिपॅटायटिस-सी यांची लागण होते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचली, की सुप्त क्षय डोके वर काढतो. हिपॅटायटिसने यकृत दुबळे होते आणि क्षयाच्या प्रमुख औषधांचा भारही यकृतावरच पडतो. म्हणून यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते. परंतु उपचार नाकारण्याचे ते कारण नव्हे.

‘आधी व्यसन सोड, मग औषध देऊ’ हा आग्रह वरवर योग्य वाटतो. पण क्षयाचे जंतू तोवर थांबत नाहीत. त्याच खोलीत झोपणाऱ्या बालकालाही ते गाठतात.

आणखी एक अडचण फारशी कोणास ठाऊक नसते. गर्दऐवजी मेथाडोन घेणाऱ्या रुग्णाला रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध सुरू केले, की शरीर मेथाडोनचा निचरा वेगाने करते. काही दिवसांतच अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, झोप उडते. क्षयाच्या गोळ्या बाधल्या असे समजून रुग्ण त्या सोडतो किंवा पुन्हा गर्दकडे वळतो. उपचार अर्धवट सुटला, की औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो. जाणता वैद्य अशा वेळी मेथाडोनची मात्रा वाढवतो आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर ती जपून उतरवतो. अन्यथा तीच मात्रा जिवावर बेतू शकते.

आपल्याकडील पर्यायी उपचार केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज सेवकासमक्ष जिभेखाली ठेवली जाते. रुग्ण त्या गोळीसाठी तेथे नित्य येतोच. त्याच खिडकीतून, त्याच वेळी क्षयाची औषधेही दिली, तर त्याला दुसऱ्या दारी जावे लागणार नाही.

उरते ते समाजाचे काम. रुग्णाला केंद्रापर्यंत सोबत करावी, दोन वेळचे अन्न मिळते का पाहावे, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झालेले शासकीय साहाय्य त्याच्या बँक खात्यात जमा होते का, याची चौकशी करावी. व्यसन सुटण्यास कदाचित वर्षे लागतील. त्यासाठी तो आधी जगला पाहिजे.