दगडी गिरिजाघराच्या आवारात

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस कालीघाट, दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ पाहून परततो. लालदिघीजवळच्या सेंट जॉन गिरिजाघराकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. माझी वळली, ती केवळ एक दुपार मोकळी होती म्हणून.

हे गिरिजाघर १७८७ साली पूर्ण झाले. जागा शोभाबाजारच्या नवकृष्ण देव यांनी दिली आणि गौड या उद्ध्वस्त राजधानीतून दगड वाहून आणले. म्हणून बंगाली लोक त्याला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणत. आवारातील कबरी मात्र त्याहून जुन्या आहेत, कारण पूर्वी इंग्रजांचे दफनस्थान येथेच होते. त्यांच्या वसाहतीचा आद्य पुरुष जॉब चार्नॉक येथेच अष्टकोनी समाधीखाली विसावला आहे. तिच्या शिळेवरूनच भूशास्त्रज्ञांनी त्या जातीच्या खडकाला ‘चार्नोकाइट’ असे नाव दिले.

पण मी थबकलो तो दुसऱ्याच एका नावापाशी: ॲडमिरल चार्ल्स वॉटसन. कोकणचा इतिहास वाचणाऱ्याला हे नाव विसरता येत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये याच वॉटसनने विजयदुर्गावर तोफा डागल्या. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि कान्होजींच्या काळापासून दर्यावर दरारा गाजवणारे आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. पुढे वॉटसन बंगालमध्ये आला. २ जानेवारी १७५७ रोजी कोलकाता इंग्रजांच्या हाती परत आले, मार्चमध्ये फ्रेंचांचे चंद्रनगर पडले, जूनमध्ये प्लासी झाली. आणि १६ ऑगस्टला तो वारला. वय अवघे ४३, जवळजवळ माझ्याएवढेच.

प्रथम मनात संताप उसळला. पण तो फार वेळ टिकेना. अमीचंदाला फसवण्यासाठी रचलेल्या खोट्या तहावर सही करण्यास याच माणसाने नकार दिला होता. त्याची सही दुसऱ्यांनी ठोकून दिली. शिवाय विजयदुर्गावर तो आगंतुक म्हणून आला नव्हता. तुळाजी आंग्र्याचे पारिपत्य करण्यासाठी खुद्द नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला होता. समुद्रातून इंग्रजांच्या तोफा आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज, असा तो वेढा होता. घरच्या भांडणात परक्याला हाक कोणी घातली, हे त्या शिळेला विचारून काय उपयोग? त्याचे उत्तर आपल्याच दप्तरांत शोधले पाहिजे.

निघताना कबरीवर साचलेली वाळकी पाने मी हाताने बाजूला सारली, आणि फाटकाबाहेरच्या वर्दळीत मिसळलो.