रामटेकच्या गडावरची प्रभावती

दिवाळीनंतर आपल्या गटांची सहल रामटेकला न्यायचं ठरतंय. आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथे जाऊन आल्या आहेत. दर्शन झालं, नारळ फोडला, परतलो, असं होतं. या वेळी जरा थांबून गड बघायचा आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलते.

नागपूरच्या पुढे सुमारे ५० किलोमीटरवर हा डोंगर आहे. आता वरपर्यंत गाडी जाते, पण जुनी वाट आंबाळा तलावाकडून, दगडी पायऱ्यांची. तलावाच्या काठाने घाट आणि लहान लहान देवळं. अंबा नावाच्या राजाचा महारोग या पाण्याने गेला, अशी कथा सांगतात. महारोग औषधाने बरा होतो, हे दत्तपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला कोणी सांगायला नको. पण कथा गोड आहे. वर तटबंदी, एकामागून एक दरवाजे. वराह दरवाजाजवळ दगडाचा भला मोठा वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून जो सरपटत निघेल तो निष्पाप, अशी समजूत. अंगाने भरलेल्या बायांवर हा उघड अन्याय आहे, असं माझं मत! मग आधी लक्ष्मणाचं देऊळ, त्याच्यामागे रामाचं. आधी धाकट्या भावाला नमस्कार करायचा, मगच थोरल्याला. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते, रात्री देवळावर त्रिपुर पेटतो. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याचं स्मारकही वर आहे.

पण मला तुम्हाला न्यायचं आहे ते नरसिंहाच्या दोन जुन्या देवळांकडे. तांबड्या दगडाची, लहानशी, कळस नसलेली. तिथे गर्दी नसते. ही देवळं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे सुमारे १६०० वर्षांपूर्वीची. त्या काळी इथून जवळच, आजच्या नगरधनला राजधानी होती आणि राज्य चालवत होती एक बाई, प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. नवरा लवकर वारला, मुलं लहान. तिने निदान १३ वर्षं कारभार पाहिला. केवल नरसिंहाच्या देवळातला झिजलेला शिलालेख तिच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी कोरवून घेतला, असं वाचन आहे. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाचा मातीचा ठसाही मिळाला.

तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. जमीन दान दिल्याचा तो कागद, आणि तो काढला कुठून? रामगिरीस्वामींच्या पायापासून, म्हणजे याच डोंगरावरून. ताम्रपटांत ती आपलं गोत्र सांगते ते धारण, माहेरचं. वाकाटकांचं विष्णुवृद्ध गोत्र ती लावत नाही. आधी बापाचा वंश, मग सासरचा.

मला हे इतकं का लागलं, सांगते. आपल्या गटात कर्जाचा अर्ज भरायला बसलो की पहिला तास नावातच जातो. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासबुकात तिसरंच. आणि जमीन? रोज त्याच वावरात निंदण करणारीचं नाव सातबाऱ्यावर नसतं. नवरा गेला की फेरफारासाठी तीच तलाठ्याच्या दारी चकरा मारते. प्रभावती राणी होती, तिचं जमलं, हे खरं. पण आपल्यासाठीही वाट आहे. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. त्याने हयातीत द्यायला हवा, एवढंच. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघा, त्यावर दोघांची नावं लागू शकतात.

म्हणून सहलीला येताना ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सातबाऱ्याची झेरॉक्स आणा. जाताना गाडीत दोन तास आहेतच, अर्ज तिथेच लिहून काढू. सह्या मात्र घरी गेल्यावर घ्यायच्या, आणि त्या कशा मिळवायच्या हे ज्यांनी मिळवल्या आहेत त्या सांगतील. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीने वर यावं, बाकीच्या आंबाळ्याच्या पायऱ्यांनी. केळी हातात धरू नका, गडावर माकडं फार आहेत.