रुळांचे माप आणि अक्षरांचे माप

हावडा-मुंबई लोहमार्गावर, छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई पावर हाउस नावाचे एक स्थानक आहे. नागपूरहून पूर्वेकडे निघालेला हा मार्ग आरंभी मीटर गेजचा होता आणि राजनांदगावपाशी थांबत होता. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने तो ताब्यात घेतला, रुंद केला व पुढे नेला. एका मापाच्या रुळांवरून दुसऱ्या मापाची गाडी धावत नाही. जेथे माप बदलते तेथे उतारूला गाठोडे डोक्यावर घेऊन उतरावेच लागते. पुढे 1959 साली ह्याच भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या रेल्वेला येथून रूळ मिळू लागले. एक माप ठरवून घेणे म्हणजे काय, हे ह्या गावाला निराळे सांगावे लागत नाही.

आजच्या महाजालाचा प्रश्न वस्तुतः हाच आहे. डेव्हलपर पान एकच लिहितो. परंतु वाचक ते क्रोममधून पाहतो, कोणी फायरफॉक्समधून, कोणी सफारीतून, तर कोणी एजमधून. प्रत्येक ब्राउझरची घडण निराळी. एकात नवी सोय आज आली, तर दुसऱ्यात ती येण्यास वर्षे लागतात. दरम्यानच्या काळात कोणाला तरी मधल्याच स्थानकावर उतरावे लागते.

मराठी वाचकाने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. 1997 च्या सुमारास इंटरनेट एक्स्प्लोअरर आणि नेटस्केप ह्या दोन ब्राउझरांनी पानाबरोबर फाँट पाठविण्याच्या दोन भिन्न रीती काढल्या. एकाची रीत दुसऱ्याला कळत नसे. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे आपापला खाजगी फाँट वापरीत. त्यात रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसविलेली असे. फाँट पोहोचला तर बातमी वाचता येई. न पोहोचला तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. पुण्यामुंबईच्या वाचकाला निदान कागदावरचे वृत्तपत्र मिळत होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराला मात्र संगणकाचा पडदा हाच आधार, आणि तोच मुका!

हा गोंधळ दोन करारांनी निस्तरला. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारा युनिकोड हा पहिला. वॉफ नावाचा फाँटचा समान साचा हा दुसरा. ह्या साच्याला 2012 साली वेबच्या मानक-संस्थेने मान्यता दिली. तरीही मराठीचा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो 2008 साली. आणि जुन्या फाँटांतून त्याच्या जागी पुढेही रिकामा चौकोनच दिसत राहिला. करार होणे निराळे आणि तो घरोघर पोहोचणे निराळे.

सांप्रत ह्या पोहोचण्याचेही माप ठरले आहे. 2023 पासून ‘बेसलाइन’ नावाची एक खूण प्रचारात आली. वर सांगितलेल्या चारही ब्राउझरांत एखादी सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते. त्यानंतर 30 महिने लोटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. हे 30 महिने कशासाठी? लोकांचे यंत्र डेव्हलपरच्या यंत्राइतके नवे नसते म्हणून. पावर हाउसच्या बाजारपेठेत थोरल्या भावाचा फोन धाकट्याकडे येतो आणि धाकट्याचा आजीकडे जातो. नवी सोयही त्याच वाटेने, त्याच गतीने घरात शिरते.

परंतु केवळ खुणेवर विसंबणेही पुरेसे नाही. शब्दाची अक्षरे सुटी करून देणारी ‘सेगमेंटर’ नावाची एक सोय आहे. ती क्रोममध्ये 2020 साली, सफारीत 2021 साली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल 2024 मध्ये आली. त्यात 30 महिने मिळविले की ऑक्टोबर 2026 येतो. आता ‘लक्ष्मण’ हे नाव घ्या. मराठी मुलाला विचारले तर ते तीन अक्षरे सांगेल: ल, क्ष्म, ण. युनिकोडचे सुटे क्रमांक मोजले तर सात होतात. सेगमेंटरची जुनी आवृत्ती पाच तुकडे करी, कारण ती जोडाक्षर हलंतापाशी तोडीत असे. 2023 साली युनिकोडच्या 15.1 आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम केला. तो नियम ज्या ब्राउझरात पोहोचला तेथे उत्तर तीन येते. म्हणजे सोयीचे नाव तेच, तिच्यावरची खूण तीच, आणि उत्तर मात्र कोठे पाच, कोठे तीन. अर्जावरच्या रकान्यात नाव अमुक अक्षरांनंतर तोडावयाचे ठरले, तर ह्या फरकापायी माणसाचे नावच पांगळे होते.

तेव्हा शहाण्या डेव्हलपरची रीत कोणती? पान आधी साध्या पायावर उभे करावे; सोय आहे की नाही हे ब्राउझरलाच विचारावे; असेल तर तिची शोभा वाढवावी, नसेल तर वाचकाचे काम अडू देऊ नये. आणि परीक्षा रोमन शब्दांवर न घेता ‘लक्ष्मण’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘ॲल्युमिनियम’ ह्या शब्दांवर, जुन्या फोनवर घ्यावी.

नव्याची हौस वाईट नव्हे. किंबहुना नवे कोणी वापरलेच नाही तर ते सर्वांपर्यंत येणारही नाही. परंतु लोहमार्गाची थोरवी सर्वांत वेगवान गाडीवरून ठरत नाही. शेवटच्या डब्यातला उतारू गाठोडे न उचलता आपल्या गावी पोहोचला का, ह्यावरून ती ठरते.