बटाट्याचे बेणे आणि लावणीचे अंतर

मुंबईतील गोराईच्या वाड्यांतून भाजीपाला पिकतो;
बटाटा मात्र बहुधा बाहेरून येतो.
आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर तो खरिपात घेतात.

बेण्याला डोळे जितके अधिक,
तितके कोंब अधिक फुटतात;
आणि कोंब वाढले, की बटाट्यांची संख्या जरी वाढली,
तरी अन्न, पाणी व जागा यांची वाटणी होऊन,
प्रत्येकाचा आकार घटतो.

मोठ्या बेण्याला डोळे अधिक; म्हणून मोठे बेणे विरळ लावावे, लहान बेणे दाट.
पुन्हा सांगतो: मोठे विरळ, लहान दाट.

कोंबडीच्या अंड्याहून किंचित लहान बेणे,
दोन सऱ्यांत 60 सेंटिमीटर,
दोन बेण्यांत 20,
हा रूढ दस्तूर.
वेफरच्या कारखान्यास मोठा माल द्यावयाचा असल्यास अंतर वाढवावे;
पुढील हंगामाचे बेणे करावयाचे असल्यास घटवावे.

बेणे कापून लावल्याने खर्च वाचतो खरा;
तथापि पावसाळ्यात कापलेली फोड कुजते,
आणि माझ्या मते ही काटकसर महागात पडते.

बियाण्यावरील खर्च हीच या पिकाच्या जमाखर्चातील जड बाब;
तेव्हा लावणीपूर्वी लहानमोठे बेणे निवडून,
त्याचे निरनिराळे ढीग करावेत,
आणि प्रत्येक ढीग स्वतंत्र सऱ्यांत लावावा.