पटकथाकार गदिमा



१९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. दि. माडगूळकर यांनी भूषविले, ही या जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासातील मोलाची नोंद आहे. मात्र या नोंदीचा एक अर्थ सहसा सांगितला जात नाही. त्या आसनावर बसलेला लेखक ‘गीतरामायणा’चा कवी होता, कथाकार होता, विधान परिषदेचा सदस्य होता, परंतु त्याचा चरितार्थ आणि त्याच्या लेखणीचे रोजचे कष्ट ज्या क्षेत्रात गेले ते क्षेत्र चित्रपटाचे होते, आणि तिथे त्याने केवळ गाणी लिहिली नाहीत, तर कथा, पटकथा आणि संवादही लिहिले. दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी ज्याचे नाव गीतकार किंवा लेखक म्हणून जोडलेले आहे, अशा माणसाला साहित्यिकांच्या सर्वोच्च आसनावर बसविण्याचा मान यवतमाळच्या भूमीला मिळाला. महागावच्या या स्नेहसंमेलनात त्यांच्या पटकथालेखनाचा विचार करणे त्यामुळे उचितच आहे.

पटकथा या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट व्हायला हवा, कारण मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे वेगवेगळी लिहिली जात असली तरी प्रेक्षकाच्या मनात ती एकमेकांत मिसळलेली असतात. काय घडले हे सांगते ती कथा. पात्रांच्या तोंडी येतात ते संवाद. आणि जे घडले ते कोणत्या क्रमाने, कुठे, किती वेळ आणि कोणत्या हालचालींतून डोळ्यांना दिसावे याची दृश्यादृश्यांत केलेली मांडणी म्हणजे पटकथा. कथाकार ‘यंदा कास्तकाराच्या घरी कापूस पिकला नाही’ असे एका वाक्यात लिहून मोकळा होऊ शकतो; पटकथाकाराला ती सवलत नाही, कारण कॅमेऱ्याला ‘नाही’ हा शब्द दाखविता येत नाही. त्याला असे लिहावे लागते की, एरवी दिवाळीनंतर ज्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, त्या खोलीत या वर्षी घरातले पोर चेंडू खेळत आहे आणि दारात उभी असलेली आजी त्याला बाहेर हो म्हणत नाही. एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकाला सर्व कळते, आणि लेखकाचे कसब नेमके तिथे असते.

हे कसब कवीच्या अंगी असले तर काय घडते, याचे जगातील एक मोठे उदाहरण फ्रेंच चित्रपटात आढळते. झाक प्रेव्हेर (१९००–१९७७) हा कवी १९३०च्या दशकात कामगारांसाठी नाटुकली लिहिणाऱ्या एका नाट्यगटातून चित्रपटाकडे वळला आणि मार्सेल कार्ने या दिग्दर्शकासाठी त्याने ‘ल के दे ब्र्यूम’ (१९३८), ‘ल झूर स लेव्ह’ (१९३९) आणि ‘लेझ ऑन्फाँ द्यु पारादी’ (१९४५) यांसारखे चित्रपट लिहिले. या चित्रपटांच्या शैलीला ‘काव्यात्म वास्तववाद’ असे म्हटले जाते; म्हणजे बंदरावरचे धुके, गिरणीतला कामगार, स्वस्त खानावळ असे अगदी साधे वास्तव घ्यायचे, पण त्यातील प्रकाश, बोली आणि नियतीची चाहूल कवितेच्या तोलाने मांडायची. फ्रेंच चित्रपटसृष्टीत पटकथाकारासाठी ‘सेनारिस्त’ आणि केवळ संवाद लिहिणाऱ्यासाठी ‘दियालोगिस्त’ असे दोन स्वतंत्र शब्द रूढ आहेत, यावरून तिथे लेखनाच्या या दोन अंगांना किती मान होता हे दिसते. प्रेव्हेर, कार्ने आणि संगीतकार जोसेफ कोस्मा यांचे नाते पाहिले की मराठी मनाला माडगूळकर, दिग्दर्शक राजा परांजपे आणि संगीतकार सुधीर फडके यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही कवींच्या निधनाचे वर्षही एकच आहे: प्रेव्हेर ११ एप्रिल १९७७ रोजी गेला आणि माडगूळकर त्याच वर्षी १४ डिसेंबरला पुण्यात निवर्तले.

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या गावी झाला. हा माणदेशाचा मुलूख, सततच्या अवर्षणाचा, आणि त्या काळी औंध संस्थानाच्या अखत्यारीतला. वडील त्याच संस्थानात कारकून होते. घरची ओढग्रस्त इतकी की मॅट्रिकच्या पुढे शिक्षण गेले नाही, आणि पोटासाठी कोल्हापूर गाठावे लागले, जे त्या वेळी चित्रपट कंपन्यांचे गाव होते. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ या मास्टर विनायकांच्या चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली, पुढे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले. लेखनिकाचे काम अनेकांना कमी प्रतीचे वाटते. परंतु ‘छाया’सारख्या चित्रपटाची कथा लिहिणाऱ्या लेखकाची वाक्ये कागदावर उतरत असताना जे शिक्षण होते ते कोणत्याही अभ्यासक्रमात मिळणारे नव्हते, आणि त्यांच्या पुढील लेखनातील शिस्त पाहता या उमेदवारीचे श्रेय मान्य करावे लागते. १९४२च्या ‘पहिला पाळणा’ या विश्राम बेडेकरांच्या चित्रपटापासून ते गीतकार म्हणून स्थिरावले आणि १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने ते चित्रपटाचे लेखक म्हणून पुढे आले.

‘लोकशाहीर रामजोशी’ राजकमल कलामंदिराचा. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. उत्तर पेशवाईतील एका ब्राह्मण कुळातील तरुण तमाशाच्या नादाने घराबाहेर पडतो आणि लावणीचा श्रेष्ठ कवी होतो, हा त्याचा विषय. प्रेव्हेरचा ‘लेझ ऑन्फाँ द्यु पारादी’ त्याच्या दोनच वर्षे आधी पडद्यावर आला होता आणि तोही एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या नाटकवाल्यांचा, मूकनाट्य करणाऱ्या एका विदूषकाचा चित्रपट होता. त्याच्या नावातील ‘पारादी’ म्हणजे शब्दशः स्वर्ग, पण नाट्यगृहाच्या बोलीत सर्वांत वरच्या, सर्वांत स्वस्त सज्जाला तो शब्द वापरीत. म्हणजे आपल्याकडचा पिटातला प्रेक्षक तिथे छपराजवळ बसत असे. परस्परांना न ओळखणारे दोन कवी, एक जर्मन सैन्याने व्यापलेल्या देशात आणि दुसरा पारतंत्र्याच्या अखेरच्या पर्वात, आपापल्या भाषेतील लोकरंजनाच्या जुन्या परंपरेकडे वळतात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. परक्या सत्तेखाली असलेल्या समाजाला आपली भाषा सर्वांत जिवंत कुठे आहे याचा शोध घ्यावासा वाटतो, आणि ती जागा बहुतेक वेळा फडाची, बोर्डाची, रस्त्यावरची असते. माडगूळकरांनी १९४२च्या चळवळीच्या काळात पोवाडे लिहिले होते. शाहिराची भाषा त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

त्यानंतरचे दशक राजा परांजपे यांच्यासोबतचे. ‘पुढचं पाऊल’ (१९५०), ‘पेडगावचे शहाणे’ आणि ‘लाखाची गोष्ट’ (दोन्ही १९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) ही नावे मराठी प्रेक्षकांच्या तीन पिढ्यांना पाठ आहेत. ‘लाखाची गोष्ट’मध्ये ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्चून दाखविण्याची अट आहे, आणि पटकथेचा अभ्यास करणाऱ्याने या रचनेकडे अवश्य पाहावे: मुदत ठरली की प्रत्येक दृश्याला आपोआप घाई येते, प्रत्येक रुपया पात्र होतो, आणि लेखकाला उत्कंठेसाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. ‘ऊन पाऊस’ याच्या नेमका उलट. निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी यांची मुलांमध्ये होणारी वाटणी हा त्याचा गाभा, आणि इथे घाई मुळीच नाही. आयुष्यभर एका घरात राहिलेल्या दोन माणसांना दोन घरांत राहावे लागते, एवढ्या एका गोष्टीवर सगळा चित्रपट उभा आहे. त्यात खलनायक नाही, हे लक्षात घ्यावे. मुले वाईट नाहीत, त्यांची घरे लहान आणि मने कोती आहेत, आणि म्हणूनच प्रेक्षकाला कोणावर रागही काढता येत नाही. माडगूळकरांच्या मराठी पटकथांत ‘ऊन पाऊस’चे स्थान सर्वांत वरचे मानावे लागते.

तथापि त्यांच्या लेखनाची खरी थोरवी कळते ती १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या हिंदी चित्रपटात, ज्याचे दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम होते. आदिनाथ नावाचा एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून काढून एका उजाड शेतावर नेतो, त्यांच्या हाती बेड्यांऐवजी अवजारे देतो आणि केवळ विश्वासाच्या बळावर त्यांना माणसांत आणतो. दोन डोळे त्याचे आणि बारा हात त्या सहा जणांचे. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत उभी राहिली होती. संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संमतीने, भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीविना, पहाऱ्याविना, कुटुंबासह शेतीवर ठेवण्याचा तो प्रयोग होता. माडगूळकरांचे बालपण याच संस्थानात, आटपाडीच्या परिसरात गेले होते.

इथे पटकथाकाराचे काम काय असते हे स्वच्छ दिसते. स्वतंत्रपूर ही समाजसुधारणेची घटना होती; तिचा अहवाल लिहिता आला असता, अग्रलेख लिहिता आला असता, पण अहवालाचा चित्रपट होत नाही. माडगूळकरांनी अनेक कैद्यांतून सहा निवडले, एका प्रशासकीय निर्णयाला एका माणसाचा ध्यास केले, आणि त्या प्रयोगाला तुरुंगाच्या आत नव्हे तर बाजारात कसोटीला लावले. कैद्यांनी पिकवलेली भाजी रास्त दराने विकली जाऊ लागते तेव्हा बाजारातील व्यापाऱ्यांचे हितसंबंध दुखावतात, आणि तिथून संघर्ष पेटतो. ही योजना अत्यंत मार्मिक आहे, कारण गुन्हेगार सुधारू शकतो का या प्रश्नाचे उत्तर देताना चित्रपट प्रेक्षकाला दुसऱ्याच प्रश्नापाशी आणतो: तो सुधारला तर गावातील प्रतिष्ठित माणसे त्याला सुधारू देतील का? शेतमालाचा भाव कोण ठरवतो हे ज्या तालुक्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्या तालुक्यातील विद्यार्थ्यांना या दृश्यांचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८च्या बर्लिन महोत्सवातील रौप्य अस्वल आणि अमेरिकेतील गोल्डन ग्लोबचा सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार असे सन्मान या चित्रपटाला मिळाले. माणदेशातल्या एका कोरड्या माळावरची गोष्ट बर्लिनपर्यंत पोहोचली, आणि ती पोहोचली ती आपले गाव न सोडता.

दोनच वर्षांनी आलेला ‘नवरंग’ही शांतारामांचाच आणि माडगूळकरांचाच, तो डोळे दिपवतो, परंतु त्यात रंग आणि नृत्य यांनी कथेला मागे सारले आहे.

या सर्व चित्रपटांची ओळख मात्र लोकांत दिग्दर्शकांच्या नावाने आहे. फ्रान्समध्ये चित्रपटाचे श्रेय लेखकाकडून दिग्दर्शकाकडे जाण्याचा बदल एका लेखाने घडला, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. जानेवारी १९५४ मध्ये फ्रांस्वा त्रुफो या तरुण समीक्षकाने ‘काइए द्यु सिनेमा’ या नियतकालिकात पटकथाकारांच्या चित्रपटांवर कठोर हल्ला चढवला आणि ऑराँश व बोस्त या नामवंत लेखकद्वयाला लक्ष्य केले. चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शक असतो हे मत पुढे जगभर पसरले आणि पटकथाकाराचे नाव झाकोळले. त्रुफोच्या मतात तथ्य होते, कारण कादंबऱ्यांची गुळगुळीत रूपांतरे करणारे लेखन तेव्हा बोकाळले होते; परंतु प्रेव्हेर किंवा माडगूळकर यांच्या बाबतीत हे मत अन्याय करते. मराठी साहित्यसमीक्षेने तर त्रुफोचा लेख न वाचताच तोच अन्याय केला. माडगूळकरांच्या गीतांवर विपुल लिहिले गेले, पण ‘ऊन पाऊस’ची दृश्यरचना हा कवितेइतकाच गंभीर अभ्यासाचा विषय आहे, असे मानणारे अभ्यासक फार थोडे निघाले. शिवराम वाशीकरांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) लिहिला, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) लिहिला, विजय तेंडुलकरांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लिहिले. मराठीतील ही एक स्वतंत्र साहित्यपरंपरा आहे आणि ती पाठ्यपुस्तकात कवितेशेजारी मांडली गेली पाहिजे.

ही परंपरा विदर्भापासून दूर आहे असेही नाही. सतीश मनवर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराच्या घरात शिरतो आणि तिथली बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ऐकवतो. महागाव तालुक्यात वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर गोरबोली बोलली जाते, आणि या बोलींत अजून फार थोडे चित्रपट लिहिले गेले आहेत. म्हणून या विद्यालयाने आपल्या सभागृहात ‘ऊन पाऊस’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हे दोन्ही चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावेत, श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नयेत, आणि नंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरात घडलेले एक दृश्य, ज्या बोलीत ते घडले त्याच बोलीत, एका पानावर लिहून शिक्षकांच्या हाती द्यावे, ही कळकळीची विनंती.