टोक काढणारा मुलगा

शाळेत मानसतज्ज्ञ व्हायचंय, असं म्हणणाऱ्या मुली हल्ली मला भेटतात. क्वचित एखादा मुलगाही. पहिला प्रश्न ठरलेला : कोर्स कुठला करू? तर मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., समुपदेशन विषय घेऊन केलंत तर उत्तम. चिकित्सा मानसशास्त्राकडे वळायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. झालं. आता कामाचं बोलू.

चौथीतला एक मुलगा. बाईंची तक्रार अशी, की हा दिवसभर पेन्सिलीला टोक काढत बसतो. सकाळी नवी असलेली पेन्सिल मधल्या सुट्टीपर्यंत अंगठ्याएवढी. बाकाखाली सालपटांचा ढीग. दंगा नाही, मारामारी नाही, नुसतं टोकयंत्र.

मी नवीन होते. भर तासाला शिपाईमामांना पाठवून त्याला बोलावून घेतलं. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला 'वेड्यांच्या मॅडमचा' म्हणून चिडवलं. तेव्हापासून मी आधी वर्गातल्या हुशार मुलांना बोलावते, कपाट आवरायला, चार्ट चिकटवायला. मग माझ्या खोलीत येणं ही शिक्षा राहत नाही.

तो बोलायला लागला आठ-दहा दिवसांनी. आधी विचारलं, "आईला सांगाल?" इथे नवीन माणूस हमखास फसतो, 'कुणाला सांगणार नाही' म्हणून मोकळा होतो. असं सरसकट वचन देता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मी म्हटलं, तुझ्या जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगेन, बाकीचं तुला विचारून. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "टोक काढलं की तेवढा वेळ लिहायला लागत नाही."

त्याची बुद्धिमापन चाचणी घेतली. बिने यांनी १९०५ साली पॅरिसच्या मुलांसाठी केलेली ही चाचणी पुढे कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत म्हणून आम्ही ती ओळखतो. जुनी झाली आहे, नुसत्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. पण तोंडी प्रश्नांना मुलगा तडातडा उत्तरं देत होता आणि श्रुतलेखनाच्या पाच ओळींत रडकुंडीला आला होता. एवढं पुरेसं होतं, पुढच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवायला.

खरं काम इथून पुढचं. बाईंना पटवलं, की इतिहासाची उत्तरं तोंडी घ्या. त्यांनी घेतली, पन्नासावर मुलांच्या वर्गात हे सोपं नसतं. वडील मात्र अडले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, सगळं सांगून झालं. त्यांचं एकच : "मॅडम, पोरगं चांगलं आहे. त्याच्या नावापुढे 'दिव्यांग' नको." ते चुकताहेत असं मला वाटतं. पण त्या शब्दाला घाबरणाऱ्या बापाला कायद्याची कलमं ऐकवून उपयोग नाही, हेही कळतं.

दाखल्याचा अर्ज माझ्या खणात तसाच आहे, वडिलांच्या सहीविना. सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांना पुन्हा बोलावलंय. या वेळी मुलाची वही दाखवणार नाही. तो इतिहास कसा सांगतो, ते शेजारी बसून ऐका म्हणणार आहे.